अलेअर व्हिलेज: कामगारांचा इतिहास की रविवारची सहल?

खडूस_जर्सीकर:
न्यू जर्सीतली आपली मंडळी पोराबाळांना घेऊन अलेअर स्टेट पार्कमधलं अलेअर व्हिलेज, म्हणजे जुन्या लोखंड कारखान्याचं जपलेलं गाव, बघायला जातात. लोहाराचा घण बघायचा, बेकरीतल्या कुकीज घ्यायच्या, छोट्या रेल्वेगाडीतून चक्कर, की घरी. जेम्स अलेअरने 1822 मध्ये ही जागा घेतली ती न्यूयॉर्कमधल्या आपल्या इंजिन कारखान्याला लोखंड पुरवायला. मजुरी द्यायचा कंपनीनेच छापलेल्या नोटांत, आणि त्या चालायच्या मालकाच्याच दुकानात! आज त्याच दुकानात आपण हौसेने भेटवस्तू घेतो. हा इतिहास नव्हे, पॉलिश आहे.

मीराताई:
साफ असहमत. त्या काळी सुट्या नाण्यांची टंचाई होती, अशा नोटा बऱ्याच कंपन्या काढत. अलेअरने कामगारांच्या मुलांसाठी मोफत शाळाही चालवली, ती बरी विसरलात! पुढे पत्रकार आर्थर ब्रिस्बेन यांच्या पत्नीने ही जमीन राज्याला दिली नसती, तर आज तिथे बंगले दिसले असते.

ओतारी:
नोटांचं सोडा. घण मारणारा लोहार हे या गावाचं मुख्य काम नव्हतंच. दलदलीच्या पाण्यातलं लोखंड तळाशी साचून तपकिरी ढेकळं होतात, तो इथला कच्चा माल. भट्टीत वरून ढेकळं आणि लाकडी कोळसा टाकायचा, शिवाय मळ वेगळा करायला चुनखडीऐवजी समुद्रावरचे शिंपले. भाता पाणचक्कीवर. भट्टी पेटली की महिनोन्‌महिने रात्रंदिवस धगधगायची. खालून रस काढून भांडी, किटल्या, पाइप ओतायचे. ती भट्टी आज छपराखाली थंड उभी आहे, आणि गर्दी मात्र कुकीजपाशी.

मीराताई:
मग काय, पुन्हा पेटवायची? कोळशासाठी पाइनचं जंगल तोडणार?

ओतारी:
अहो ताई, अख्खी भट्टी कोण मागतंय! पेनसिल्व्हेनियातल्या हॉपवेल फर्नेस या अशाच जुन्या भट्टीच्या गावात लाकडाची रास मातीने लिंपून कोळसा पाडून दाखवतात. तेवढं केलं तरी पोरांना कळेल की आधी जंगलं गेली आणि पेनसिल्व्हेनियाचं दगडी कोळशावरचं स्वस्त लोखंड आल्यावर 1840च्या दशकात ही भट्टीही विझली.

खडूस_जर्सीकर:
ओतारीबुवांना +1. पण त्या राशीशेजारी दगडी कोळशाने कामगारांचं काय झालं याची पाटीही हवी.

मीराताई:
पाटी लावा की! खर्च मात्र कुकीजच्याच गल्ल्यातून निघणार.