मदत हवी आहे: दूध, अंडं, शेंगदाणा सगळं बंद, लेकीचं वजन वाढवू कसं? (नागपूर)

नमस्कार. मुलगी १ वर्ष ८ महिन्यांची आहे, वजन साडेआठ किलो. पंधराव्या महिन्यात ८ किलो २०० ग्रॅम होती. म्हणजे पाच महिन्यांत जेमतेम तीनशे ग्रॅम! डॉक्टरांच्या तक्त्यात या वयाच्या मुलींची मधली रेघ साडेदहा किलोच्या आसपास जाते, आमचा ठिपका पार तळाशी. खेळते, धावते, घरभर हैदोस घालते, फक्त अंगाला काही लागत नाही.

नवव्या महिन्यात दही चाटवलं तर दहा मिनिटांत तोंडाभोवती गांधी उठल्या, ओठ सुजले. अंड्यानंही तेच. शेंगदाण्याच्या चटणीचं नुसतं बोट तोंडात गेलं तेव्हा उलट्या आणि खोकला, रात्री अकराला दवाखाना गाठला. नंतर आम्ही रक्ताची मोठी तपासणी करून घेतली. त्यात गहू आणि तुरीची डाळही आली, म्हणून तीन महिन्यांपासून तेही बंद. अंगावरचं दूध चौदाव्या महिन्यातच सुटलं.

सध्या सकाळी तांदळाची पेज, दुपारी मुगाचं पातळ वरण-भात, संध्याकाळी केळं, रात्री पुन्हा पेज. सासूबाई म्हणतात, "तूप नाही, दूध नाही, पोरगी वाढेल कशी?" आमच्याकडे बाळसं धरायला तूप, लोणी, दाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं हेच द्यायचं असतं. नेमकं तेच चालत नाही. शेजारच्या काकू शेळीचं दूध आणून देते म्हणून राहिल्या. देऊन बघू का? आणि संक्रांतीला बोरन्हाण ठरलंय, त्याचंही टेन्शन आहे.

दोन लेकरांची माय
ताई, शेळीचं दूध अजिबात नको. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, बहुतेक पोरांना त्यानंही तसाच त्रास होतो. म्हशीचंही तेच. तुपातही दुधाचा अंश राहू शकतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता पेज. तिनं पोट भरतं, पण ते पाण्यानं! लहान पोट, त्यात वाटीभर पाणी गेलं की जेवायला जागा कुठून उरणार? माझ्या पोराचंही असंच होऊन राहिलं होतं. मग पेज सोडून घट्ट खिचडी केली आणि वाढल्यावर प्रत्येक वाटीत एक चमचा कच्चं तेल. लहान चमचाभर तेलात ४५ कॅलरी असतात. दिवसातून चार वेळा घातलं तर हिशेब करा. आम्ही सोयाबीनचं तेल आणि नारळाचं दूध वापरलं. घाणीचं शेंगदाणा तेल घरात असेल तर तिच्या भांड्याजवळही नेऊ नका. नाचणीची खीर नारळाच्या दुधात, गूळ घालून. नाचणीत कॅल्शियम चांगलं असतं. बटाटा, रताळं कुस्करून त्यात तेल. मटण-मासे खात असाल तर तेही, बारीक करून.

लहान मुलांच्या वॉर्डात काम करते
मला तुमच्या पोस्टमधली दुसरीच गोष्ट खटकली. गहू आणि तूर खाऊन तिला कधी काही झालं होतं का?

(प्रश्न विचारणारी)
नाही हो. वर्षाची झाल्यापासून वरणफळं आवडीनं खायची. रिपोर्टमध्ये पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरून बंद केलं.

लहान मुलांच्या वॉर्डात काम करते
मग इथंच घोळ झालाय. रक्तात पॉझिटिव्ह येणं म्हणजे अ‍ॅलर्जीच, असं नसतं. खाल्ल्यावर त्रास होतो का, हे मुख्य. म्हणूनच सगळ्या पदार्थांची सरसकट तपासणी करू नये म्हणतात. आई-बाप घाबरून एकेक पदार्थ काढत जातात आणि पोर वाळतं. पण तीन महिने बंद आहे तर आता घरी आपल्या मनानं सुरू करू नका, अ‍ॅलर्जी बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, गरज वाटली तर ते दवाखान्यातच समोर बसवून खायला देतील. मिहानच्या एम्समध्ये किंवा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागात चौकशी करा. अंगावरचं दूध सुटल्यावर त्याजागी काहीच आलं नाही, हेही सांगा. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी वेगळी पावडर मिळते, महाग असते, पण कोणती द्यायची ते तेच ठरवतील. आणि शेंगदाण्यानं उलट्या, खोकला दोन्ही झाले होते, ते साधं नाही. पुन्हा झालं तर काय करायचं, हे कागदावर लिहून घ्या.

दोन लेकरांची माय
बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स' (दुधाचे घन पदार्थ) लिहिलेलं असतं, ते वाचत जा. बाहेरचे पोहे, साबुदाण्याची उसळ, चिवडा सगळ्यात दाणे असतात. सासूबाईंना रागावू नका, त्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. माझ्या आत्याबाई (सासूबाई) डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच मानल्या.

बोरन्हाणाला शेंगदाणे, रेवड्या, चॉकलेटं नको. चुरमुरे आणि ज्वारीच्या लाह्या टाका. बोरं टोपलीत बाजूला ठेवा, या वयात बी घशात अडकते.

(प्रश्न विचारणारी)
सगळ्यांचे आभार. काकूंना शेळीचं नको म्हणून सांगितलं. आज रात्री पेजेऐवजी मुगाची घट्ट खिचडी केली, वरून चमचाभर तेल. अर्धी वाटी खाल्ली, उरलेली भिंतीला लावली. सोमवारी रिपोर्ट घेऊन जाते, सासूबाईही येतो म्हणाल्या. तीळ मात्र तिनं अजून चाखलेले नाहीत, तिळगुळाचं आधी डॉक्टरांनाच विचारते.