गिटारनंतर व्हायोलिन: खुणेच्या चिकटपट्ट्या लावू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गिटार बरीच वर्षं वाजवतोय, आता व्हायोलिन हातात घेतलंय. गिटारवर बोट पडद्यांमध्ये (म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) कुठेही दाबलं तरी सूर लागतो. इथे पडदेच नाहीत, केसभर सरकलं की बेसूर. तारा जी-डी-ए-ई, म्हणजे गिटारच्या जाड चार तारांचा नेमका उलटा क्रम! त्यामुळे बोटं सवयीने भलतीकडेच जातात.

पण खरी पंचाईत उजव्या हाताची. गज (तारांवर घासायची काठी, बो) घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजच्या फार जवळ गेला की करकरतो, बोटं दाबायच्या पट्टीकडे घसरला की आवाज पोकळ. तार बदलताना शेजारची तार हमखास घासते. (घरचे दार लावून घेतात, ते वेगळंच.)

मला पुढे हिंदुस्तानी वाजवायचंय. तेव्हा सुरुवातीपासूनच चारही तारा सा-प-सा-प अशा सुरांत जुळवून, मांडी घालून बसावं, की आधी पाश्चात्त्य पद्धतीने उभं राहून गज पक्का करावा? बोटांच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा केल्या तर कान आळशी होतो का? तानपुऱ्याच्या ॲपवर नुसते लांब सूर ओढतोय, ते पुरेसं आहे का? गिटारवरून इकडे आलेल्यांनी जरूर सांगा.