मदत हवी आहे: भावाचं थकलेलं शैक्षणिक कर्ज, लोकअदालतीची नोटीस आणि बाबांचं पेन्शन

नमस्कार मंडळी. कर्ज धाकट्या भावाचं आहे, पण नोटीस बाबांच्याही नावाने आली आहे, म्हणून मी लिहितेय.

२०११ साली भाऊ इंजिनिअरिंगला लागला तेव्हा एका राष्ट्रीयीकृत बँकेतून ३ लाख ८० हजारांचं कर्ज काढलं. चार लाखांच्या आत असल्यामुळे तारण नाही, जामीनदार नाही. बाबा सहकर्जदार. ते जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, आता निवृत्त. भाऊ चाकणला कंत्राटी नोकरीत होता तोवर हप्ते जात होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये कंत्राट संपलं आणि हप्ते थांबले ते थांबलेच. बँकेनेही बरीच वर्षं काही विचारलं नाही.

आता तालुका कोर्टात होणाऱ्या लोकअदालतीची नोटीस आलीय. 'दाखलपूर्व प्रकरण' (म्हणजे बँकेने अजून कोर्टात दावा लावलेला नाही), रक्कम ९ लाख ४० हजार.

घरात दोन तट पडलेत. बाबांचं म्हणणं, "अख्ख्या गावाला हिशेब शिकवला, माझ्या नावावर बाकी नको." एफडी मोडून सगळे भरायला निघालेत. भाऊ म्हणतो, तीन वर्षं उलटली की कर्ज कायद्याने मेलं, २०२१ लाच विषय संपला, एक रुपयाही देऊ नका. आणि याच भावाला आता पुण्यात वन बीएचकेसाठी गृहकर्ज हवंय!

बाबांचं पेन्शन त्याच बँकेत जमा होतं, ते अडकवतील का? लोकअदालतीला गेलो नाही तर एकतर्फी निकाल लागतो का? शिवाय एका 'सेटलमेंट कंपनी'चा फोन आला होता, तीस हजार आगाऊ द्या, निम्म्यात मिटवून देतो म्हणून. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

काउंटर नं. ४
ताई, आधी त्या कंपनीचा नंबर ब्लॉक करा. तडजोडीचा अर्ज कर्जदार स्वतः शाखेत देऊ शकतो, त्याला दलाल लागत नाही.

मी बँकेत होतो, म्हणून सांगतो. ९ लाख ४० हजार हा आकडा अंतिम समजू नका. पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा लेखी मागा. त्यात दोन गोष्टी बघा. एक, केंद्राची व्याज अनुदान योजना. २००९-१० पासून साडेचार लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज सरकार भरत होतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दिला होता का? दिला असेल तर अनुदान जमा झालंय का? शाखेने दावाच पाठवला नाही अशी प्रकरणं पाहिलीत. आता ते पैसे परत मिळणं कठीण, पण तडजोडीत मुद्दा भक्कम होतो. दुसरं, दंडव्याज किती लावलंय.

(२०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पातही व्याजमाफी होती, पण ती ३१ मार्च २००९ पूर्वीच्या कर्जांना. तुमचं त्यात बसत नाही. कुणी तसं सांगून फॉर्म भरायला लावेल, म्हणून लिहिलं.)

खातं 'राइट ऑफ' झालंय असं ऐकाल. ती बँकेच्या पुस्तकातली नोंद आहे, माफी नव्हे. मात्र अशा खात्यात व्याज सोडायला बँक लवकर तयार होते. मुद्दल सोडायला सहसा नाही.

टिवल्याबावल्या
मोठ्यांची हजारो कोटी माफ होतात आणि मास्तरांना नोटीस. चालू द्या.

काउंटर नं. ४
टिवल्या, वर काय लिहिलं ते वाचलं का? असो.

काळा कोट
भावाचं गणित अर्धवट आहे. बँकेला दावा लावायला मुदत कायद्याची तीन वर्षं असतात हे खरं, पण १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. म्हणजे त्याचाच हिशेब धरला तरी २०२१ नाही, २०२३ च्या सुरुवातीपर्यंत जातो. शिवाय परतफेड हप्त्यांत असेल तर प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी चालते. बँकेने मध्येच पूर्ण कर्ज परत मागितलं होतं का, ते कागद बघितल्याशिवाय कळणार नाही.

आणि कळीचा प्रश्न: बाबांनी मधल्या काळात बँकेत कशावर सही केली आहे का? मुदत संपण्याआधी कर्ज लेखी मान्य केलं तर त्या तारखेपासून तीन वर्षं पुन्हा सुरू होतात.

धागाकर्ती
बाबांना विचारलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये हयातीचा दाखला द्यायला गेले तेव्हा शाखेत "इथे पण एक सही करा गुरुजी" म्हणून कागद पुढे केला होता म्हणे. काय होतं ते आठवत नाही.

काळा कोट
बहुतेक कर्ज बाकी असल्याचं मान्य करणारं पत्र. त्याची प्रत मागा. पण एका सहकर्जदाराच्या सहीने दुसऱ्याची मुदत आपोआप वाढत नाही, मुदत कायद्याचं कलम २०(२). म्हणजे भाऊ कदाचित सुटेल आणि बाबा अडकतील! हे भावाला जरूर वाचून दाखवा.

तोवर दोघांनीही नवी सही नको, 'सद्भावना म्हणून पाच हजार' भरणंही नको. मुदत गेलेल्या कर्जातसुद्धा लेखी वचन दिलं की ते नव्याने बांधतं.

लोकअदालतीबद्दल: दाखलपूर्व प्रकरणात संमतीशिवाय निवाडा होत नाही, गैरहजर राहिल्याने एकतर्फी काही लागत नाही. पण संमती दिलीत तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. जेवढं भरणं खरंच झेपेल तेवढ्यावरच सही. तिथल्या गर्दीत 'हो म्हणा, मिटवून टाका' असा आग्रह होतो, त्याला बळी पडू नका.

पेन्शनला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे, कोर्ट जप्त करत नाही. बँकेने स्वतःहून खात्यावर होल्ड लावणं (पैसे काढू न देणं) हा वेगळा त्रास, त्यामुळे मी असतो तर पेन्शनचं खातं आधी दुसऱ्या बँकेत नेलं असतं.

घोरपडे वाडा
गृहकर्जाचं सांगतो, माझ्या मेव्हण्याचं झालंय. मुदत संपली म्हणून सिबिलवरची (कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीतली) थकबाकी पुसली जात नाही. तडजोड केली तर 'सेटल्ड' लागतं, पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड', आणि गृहकर्ज देणारे 'सेटल्ड' बघूनच नकार देतात. ज्या बँकेशी तडजोड झाली ती तर किमान बारा महिने नवं कर्ज देत नाही, आरबीआयचा २०२३ चा नियम आहे. भावाला घर हवंच असेल तर व्याजाची घासाघीस करून उरलेलं त्यानेच भरावं, बाबांच्या एफडीला हात का? सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, दोघांचाही काढा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना 'सही नको' हे पटवणं अवघड गेलं, त्यांना ते पळवाट वाटतं. शेवटी "उतारा तपासल्याशिवाय तुम्ही विद्यार्थ्याला मार्क दिले असते का?" म्हटल्यावर थांबले. भाऊ कलम २०(२) वाचून गप्प झालाय, मुद्दल मी भरतो म्हणालाय.

शाखेत गेलो तर म्हणाले, खातं वसुली विभागाकडे गेलंय, उतारा इथे मिळणार नाही. आता?

काउंटर नं. ४
मिळतो. दोन प्रतींत अर्ज, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच. त्यात उतारा, अनुदानाचा तपशील आणि २०२२ च्या त्या सहीची प्रत, तिन्ही मागा. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने. ३० दिवसांत उत्तर आलं नाही की आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही. लोकअदालतीच्या दिवशी तीच पोच घेऊन जा आणि उतारा मिळेपर्यंत पुढची तारीख मागा.