गोळ्यांचा तुटवडा खरा होता की रचलेला?

मिसूरीकर:

‘अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्यांचा तुटवडा पडतो तो कंपन्यांनी रचलेला असतो, गोदामे भरलेली असतात आणि भाव चढले की त्यांची दारे उघडतात,’ असे सॅन होजेकर यांनी काल लिहिले आणि त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. एरवी मी असल्या विधानांकडे दुर्लक्ष करतो, पण २०२० चा हिवाळा मी दुकानाबाहेरच्या रांगेत काढला असल्यामुळे या वेळी ते जमले नाही.

आमच्या गावातल्या दुकानात मालाचा ट्रक मंगळवारी येत असे. दुकान नऊला उघडे आणि साडेसहाला घडीच्या खुर्च्या मांडून लोक बसलेले असत. माणशी तीन बॉक्स असा नियम होता. एकदा माझ्या पुढे एक गृहस्थ, त्यांच्या पुढे त्यांची पत्नी आणि तिच्या पुढे दोन मोठे मुलगे असे चौघे एकमेकांना ओळखत नसल्यासारखे उभे होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी चौघांचे बारा बॉक्स एकाच पिकअपमध्ये चढले. मला हसू आले, पण माझ्या तळघरात तेव्हा पिस्तुलाच्या नाइन एमएमच्या चार हजार गोळ्या, म्हणजे माझ्या सरावाला दोन वर्षे पुरतील एवढ्या, पडून होत्या आणि तरीही माझे तीन बॉक्स मी घेतलेच. कशासाठी, असे बायकोने विचारले तेव्हा ‘मिळत होते म्हणून’ एवढेच उत्तर माझ्यापाशी होते. तुम्ही म्हणता ती गोदामे होतीच, फक्त ती आमच्या घरांत होती.

आता हिशेब पाहा. बंदूक खरेदीच्या वेळी एफबीआयकडे जी पार्श्वभूमी तपासणी होते, तिची संख्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होती, ती २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांच्या जवळ गेली. बंदूक उद्योगाच्या संघटनेने त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतल्याचा अंदाज दिला होता. यांतल्या प्रत्येकाने पन्नास गोळ्यांचे दोनच बॉक्स घेतले असे धरले, तरी ८४ कोटी गोळ्या होतात, आणि त्या आदल्या वर्षी कोणीही मागितल्या नव्हत्या. वर माझ्यासारखे जुने लोक एका बॉक्सऐवजी हजाराची केस उचलू लागले. तीन पाळ्यांत चालणारा कारखाना चौथी पाळी कोठून आणणार?

सॅन होजेकर:

माना डोलावल्या म्हणजे आम्ही सगळे नंदीबैल, असे दिसते. तुमची रांग हृद्य आहे, पण रांगेच्या पलीकडे कोण उभे होते हे आपण सांगितले नाही. प्रायमर, म्हणजे आघात होताच पेट घेऊन दारू पेटवणारी बुडाची छोटी टोपी, नसेल तर काडतूस म्हणजे नुसती पितळी पुंगळी, हे आपण जाणताच. देशात तेव्हा प्रायमर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या चार. जुलै २०२० मध्ये त्यांतली रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली आणि आर्कान्सामधला तिचा लोनोकचा कारखाना व्हिस्टा आउटडोअर या कंपनीने ८ कोटी १४ लाख डॉलरना घेतला. फेडरल आणि सीसीआय या चारांतल्या आणखी दोन आधीपासूनच व्हिस्टाच्या होत्या. चारांपैकी तीन एकाच्या मुठीत आल्यावर त्याला बाजार म्हणायचे की सावकारी?

माझा अनुभवही ऐका. एप्रिल २०२० मध्ये, आमच्या गल्लीत दोन घरफोड्या झाल्यावर, मी पहिले पिस्तूल घेतले. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून गोळ्या घेतानाही दर वेळी तपासणी होते. परवान्यावरचा पत्ता आणि नोंदीतला पत्ता जुळेना म्हणून यंत्राने मला नाकारले. ते निस्तरण्यात चार दिवस गेले. मी परत गेलो तेव्हा तोच बॉक्स, त्याच फळीवर, वीस डॉलरचा बेचाळीस झाला होता. किमतीच्या जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवली होती, ती मी नखाने सोलून पाहिली. त्या चार दिवसांत त्या बॉक्समध्ये कोणते शिसे महागले होते?

निफाडचा:

दुकानदाराने जुना माल नव्या भावाने विकला की लगेच तो चोर ठरतो, हे आपल्या मध्यमवर्गाचे फार जुने दुखणे आहे. त्याला पुढचा माल नव्या भावानेच भरायचा असतो, आणि तोही मिळाला तर. वीस डॉलरना विकून त्याने रिकाम्या फळीकडे बघत बसायचे, अशी आपली अपेक्षा दिसते.

‘साठेबाज’ हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझ्या वडिलांनी उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरला की त्यांनाही शहरातले लोक हेच म्हणत. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने निर्यात बंद केली आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल व किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल अशी साठ्याची मर्यादा घातली. मर्यादा व्यापाऱ्यावर होती, मार मात्र शेतकऱ्याने खाल्ला, कारण व्यापाऱ्याने हात आखडता घेतला की लिलावात भाव पडतो. आमची अर्धी चाळ तेव्हा सडली. त्यामुळे मर्यादा घाला, कंपन्यांना धरा असे कोणी म्हणाले की मला त्या चाळीचा वास येतो.

मिसूरीकर:

आपल्या वडिलांविषयी आदर ठेवूनच सांगतो, की कांद्याचे उदाहरण येथे लागू पडत नाही, आणि ते का लागू पडत नाही यातच या प्रश्नाचा गाभा आहे. कांद्याला कोंब फुटतो, तो सडतो, म्हणून साठवणाऱ्याला कधीतरी चाळ उघडावीच लागते. कोरड्या, थंड जागी ठेवलेले काडतूस तीस वर्षांनीही उडते. ते साठवणाऱ्याला विकण्याची घाई कधीच नसते आणि जास्त घेतल्याचा तोटाही दिसत नाही. म्हणून २०२० च्या सुरुवातीला सुमारे १८ सेंटना पडणारी नाइन एमएमची गोळी वर्षभरात ७०-८० सेंटवर गेली, तरी लोक थांबले नाहीत.

निफाडचा:

आमचा कांदा सडतो ही गोष्ट आपल्याला युक्तिवादासाठी फार सोयीची वाटलेली दिसते. चाळ उघडावी लागते म्हणजे काय असते, हे पहाटे ट्रॅक्टर भरताना ज्याचे हात काळे झाले त्याला विचारा. तळघरात चार हजार गोळ्या ठेवून दुसऱ्यांना अर्थशास्त्र शिकवणे सोपे असते.

सॅन होजेकर:

शेतकऱ्याचा कांदा आणि व्हिस्टाचे प्रायमर यांना एकाच पारड्यात टाकून निफाडच्यांनी आपल्या वडिलांवरच अन्याय केला आहे. कांद्याचा भाव ठरवताना शेतकऱ्याला कोणी विचारत नाही. येथे भाव ठरवणारे तिघे एकाच कार्यालयात बसत होते.

ह्यूस्टनची मावशी:

कांदा पुरे. मी २०१३ चे सांगते, कारण तेव्हा २०२० सारखी कोरोनाची साथही नव्हती आणि दिवाळखोरीही नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत गोळीबार झाला, आता बंदुकांवर निर्बंध येणार अशी धास्ती पसरली आणि गायब झाली ती पॉइंट टू-टूची गोळी, जी खरे तर पोरांच्या सरावाची. माझी मुलगी तेव्हा शाळेच्या रायफल संघात होती. वीस डॉलरना मिळणारी पाचशे गोळ्यांची वीट साठ-सत्तरला गेली. प्रशिक्षक सरावाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या तळहातावर वीस गोळ्या मोजून ठेवत आणि एखादी खाली पडली की ती शोधण्यासाठी सगळा संघ गुडघ्यांवर बसे.

गृहसुरक्षा खाते एकशे साठ कोटी गोळ्या विकत घेऊन जनतेला निःशस्त्र करत आहे, अशी अफवा तेव्हा होती. तुमच्या गोदामांच्या कथेची ती थोरली बहीण. संसदेच्या लेखापरीक्षकांनी जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यात त्या खात्याची खरेदी २००९ पासून उलट घटल्याचे निघाले. अहवाल वाचला कोणी? आमच्या रेंजवरच्या एकानेही नाही.

निफाडच्यांच्या भावावर सोडून देण्याच्या तत्त्वाला माझा विरोध आहे. भाव चढला की ज्याच्याकडे पैसा, त्याच्याकडे माल. पोरांचा संघ कोरडा. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने माणशी एक वीट असा नियम केला आणि संघासाठी दोन विटा जुन्या भावाने बाजूला ठेवल्या, म्हणून आमचा हंगाम पार पडला.

निफाडचा:

आणि त्याच दुकानातून रोज एक वीट घेऊन, शनिवारी बंदुकांच्या जत्रेत दुप्पट भावाने विकणारे किती होते, हेही सांगा.

ह्यूस्टनची मावशी:

होते. त्यातला एक आमच्याच संघातल्या मुलाचा बाप होता. नियमाने फायदा झाला, तसे चोरही झाले, हे मी नाकारत नाही.

सॅन होजेकर:

पॉइंट टू-टूचा दुष्काळ दोन वर्षांहून अधिक चालला. दोन वर्षांत नवी यंत्रे बसवता येत नाहीत? बसवली नाहीत, कारण बसवायची नव्हती. मावशींनी माझाच मुद्दा सिद्ध केला.

मिसूरीकर:

अर्धाच. टू-टूमध्ये वेगळा प्रायमर नसतो, स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते. त्यामुळे तिची यंत्रसाखळी वेगळी असते आणि नाइन एमएमची यंत्रे तिकडे वळवता येत नाहीत. प्रायमरचे मिश्रण तर ओले असतानाच हाताळावे लागते, तेही जाड भिंतींच्या, एकमेकांपासून दूर बांधलेल्या खोल्यांत. ते काम घिसाडघाईने होत नाही. आणि बांधून पुढे काय? २०१६ च्या निवडणुकीनंतर निर्बंधांची भीती ओसरली, मागणी कोसळली आणि त्याच व्हिस्टाचा ५० डॉलरच्या घरातला शेअर मार्च २०२० पर्यंत एक आकडी झाला. ज्याने एकदा रिकाम्या यंत्रांचे हप्ते फेडले, तो पुढच्या धास्तीसाठी कारखाना बांधत नाही, तो आहेत त्याच यंत्रांवर भागवतो. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियन गोळ्यांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आली, तेव्हा स्वस्त पोलादी पुंगळीचा पर्यायही आटू लागला.

मात्र एक गोष्ट नाखुशीने मान्य करतो. चारांतले तीन एकाकडे नसते, तर निदान एखाद्याला दुसऱ्याचे गिऱ्हाईक पळवण्यासाठी का होईना यंत्र वाढवावेसे वाटले असते. तुटवडा त्यांनी रचला नाही, पण तो लवकर संपावा अशी त्यांना तळमळ नव्हती.

सॅन होजेकर:

एवढ्या मोठ्या मनाबद्दल आभार. माझ्याकडूनही एक कबुली घ्या. बेचाळीस डॉलरना तेव्हा मी पाच बॉक्स उचलले होते, त्यातला एक वापरला आणि चार अजून कपाटात आहेत, तेव्हा आपल्या हिशेबाने मीही गोदामच. पुढे तसाच बॉक्स पंधराच्या आत मिळू लागला. हे चार विकायचे म्हटले तर आमच्या राज्यात परवानाधारक दुकानामार्फतच विकावे लागतात, आणि ते शुल्क भरून हाती काय उरेल, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

निफाडचा:

करू नका. आमच्याकडे त्याला वाहतूक आणि हमाली सुटली नाही असे म्हणतात.