शब्दचर्चा : कालप्रवासाच्या कथेत विरोधाभास, व्याघात की विसंगती?

पार्लेकर

पार्ल्यात आम्ही काही जण अधूनमधून जमून जुन्या विज्ञान मालिकांचा एखादा भाग पाहतो आणि मग कोणीतरी त्यावर मराठीत टिपण लिहितं. या वेळी पाळी माझी. भाग ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा शेवटचा, ‘ऑल गुड थिंग्ज’, मे १९९४ चा. मी लिहिलं, “कथानकात एक मोठा विरोधाभास राहून गेला आहे.” गटातल्या दोघांनी ‘विरोधाभास’वर काट मारली. एक म्हणतो ‘विसंगती’ लिही, दुसरी म्हणते ‘व्याघात’. तिसऱ्याने ‘प्लॉटमधलं भोक’ सुचवलं, ते मला रुचलं नाही. या शब्दांत नेमका फरक काय आणि इथे कुठला बसतो?

माहीमकर

फरक आहे, आणि कालप्रवासाच्या गोष्टीत तो पाळावाच लागतो. नाहीतर चांगल्या भागावर नसलेला दोष चिकटतो आणि खरा दोष नजरेतून सुटतो.

‘विरोधाभास’ आपल्याला शाळेतल्या अलंकारांपासून माहीत आहे. ‘आभास’ त्या शब्दातच आहे. वरवर पाहता दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, जरा विचार केला की विरोध मिटतो आणि अर्थ खुलतो. तर्कशास्त्राच्या मराठी लेखनात ‘पॅरडॉक्स’साठीही हाच शब्द रुळला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लेखकाची चूक दाखवताना ‘विरोधाभास’ लिहिलं, तर वाचक समजतो की लेखकाने काहीतरी खुबीने गुंफलं आहे. दोषाला अलंकाराचं नाव मिळतं.

‘व्याघात’ म्हणजे स्वतःच स्वतःला मोडणं. वर्तमानपत्री मराठीत ‘वदतोव्याघात’ अजून टिकून आहे. त्याचं परंपरेतलं उदाहरण आहे, “माझी आई वांझ आहे.” बोलणारा उभा आहे, म्हणून वाक्य खोटं, वाक्य खरं, तर बोलणाराच नाही. कालप्रवासाच्या चर्चेत भूतकाळात जाऊन आपल्याच आजोबांना मारण्याचं जे उदाहरण नेहमी येतं, ते दुसरं काय आहे? तोच वदतोव्याघात, फक्त तोंडाने बोलण्याऐवजी हाताने केलेला. कार्य आपल्याच कारणाचा नाश करतं. आपल्याकडे यासाठी आधीपासून शब्द आहे, नवा घडवायची गरज नाही.

‘विसंगती’ यापेक्षा साधी आहे. कथेने स्वतः एक नियम सांगितला आणि पुढे स्वतःच तो पाळला नाही. विश्व कितीही अद्भुत असू द्या, मेळ बसला पाहिजे. मेळ बसत नाही तिथे विसंगती.

‘भोक’ मलाही नको. भोक म्हटलं की काहीतरी सांगायचं राहून गेलं असं वाटतं. जे राहून गेलं त्याला ‘कच्चा दुवा’ म्हणावं. विसंगतीत काही राहिलेलं नसतं. सांगितलेल्या दोन गोष्टीच एकमेकींशी भांडत असतात.

तीन भाग घेऊन बोलतो. तिन्हींना विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आहे (१९६८, १९९५ आणि २००८), म्हणजे कोणी टाकाऊ नाही. आणि तिन्हींची जात वेगळी.

पहिला, मूळ ‘स्टार ट्रेक’चा ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’, एप्रिल १९६७. डॉक्टर मकॉय भ्रमाच्या भरात काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जातो आणि एडिथ कीलर नावाच्या समाजसेविकेला अपघातातून वाचवतो. ती जगली म्हणून तिची शांतता चळवळ वाढते, अमेरिका युद्धात उशिरा उतरते, अणुबॉम्ब आधी जर्मनीच्या हाती पडतो आणि पुढे एंटरप्राइज हे त्यांचं अवकाशजहाजच उरत नाही. मग मकॉय आला कोणत्या जहाजातून? हा शुद्ध व्याघात. पण तो लेखकाला पुरता ठाऊक आहे आणि सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. मकॉयच्या मागे गेलेला त्याचा सहकारी स्पॉक आपल्या यंत्रावर दोन बातम्या पाहतो : एकीत कीलर १९३० मध्येच वारलेली, दुसरीत ती १९३६ मध्ये राष्ट्राध्यक्षांना भेटलेली. दोन इतिहास एकाच पडद्यावर, आणि दोन्ही खरे असू शकत नाहीत. जहाजाचा कप्तान किर्क याने तिला मरू द्यायचं, हे त्यातून येतं. इथे व्याघात हा कथेचा कणा आहे, दोष नव्हे. जहाज नाहीसं झालं तरी काळाच्या दाराशी उभी असलेली त्यांची मंडळी तेवढी का उरली, हा मात्र कच्चा दुवा.

दुसरा, ‘डॉक्टर हू’चा ‘ब्लिंक’, जून २००७. मालिकेचा कालप्रवासी नायक, ‘डॉक्टर’, १९६९ मध्ये अडकलेला. त्याचं बोलणं सतरा डीव्हीडींवर लपवून ठेवलेलं. २००७ मध्ये सॅली नावाची तरुणी ते पाहते, त्याला उत्तरं देते, आणि संवाद बरोबर जुळतो, कारण तिची उत्तरं डॉक्टरच्या हातातल्या कागदावर आहेत. तो कागद आला कुठून? सॅली बोलत असताना तिच्या सोबत असलेल्या लॅरीने तिचं बोलणं उतरवून घेतलं. पुढे डॉक्टर भेटतो तेव्हा, अजून १९६९ मध्ये न अडकलेला, सॅली तो कागद त्याला देते. सॅलीची वाक्यं तिला त्या क्षणी सुचलेली आहेत. डॉक्टरची वाक्यं मात्र त्याने कागदावरून घेतली आणि कागदाने त्याच्याकडून. ती कोणालाच सुचलेली नाहीत! तरी कुठे काही मोडत नाही. कितीही वेळा फिरवून पाहा, प्रत्येक घटना आपल्या जागी बसते. याला व्याघात म्हणता येत नाही आणि विसंगतीही म्हणता येत नाही. हा अन्योन्याश्रय : एकाचा आधार दुसरा, दुसऱ्याचा आधार पहिला, आणि जमिनीला कोणीच टेकलेलं नाही.

तिसरा तुमचाच. ‘ऑल गुड थिंग्ज’मध्ये एंटरप्राइजचा कप्तान पिकार्ड तीन काळांत ये-जा करतो : सात वर्षांपूर्वी, आत्ता, आणि पंचवीस वर्षांनंतर. अवकाशात एक विकृती सापडते, तिच्यात काळ उलटा वाहतो. नियम त्या भागातच स्पष्ट सांगितला आहे. विकृती भविष्यात तयार होते आणि भूतकाळाकडे पसरत जाते, म्हणून जितकं मागे जावं तितकी ती मोठी. जुन्या काळात प्रचंड, आजच्या काळात लहान. आता भविष्यातला प्रसंग पाहा. पाश्चर जहाज तिथे पोहोचतं तेव्हा काही दिसत नाही. ते एक किरण सोडतं. काही तासांनी पिकार्ड दुसऱ्या जहाजातून परत येतो तेव्हा विकृती नुकती आकार घेताना दिसते. नियम उलट सांगतो! ती निर्माण होण्याच्या आधी दिसायला हवी आणि नंतर दिसेनाशी व्हायला हवी. पडद्यावर ती साध्या काळाप्रमाणे वाढते, तेही फक्त भविष्यात. इथे तुमच्या वाक्यात ‘विसंगती’च लिहा.

आणखी एक. विकृती तीन काळांतले तीन किरण एका जागी मिळाल्याने तयार होते आणि डेटा (जहाजावरचा यंत्रमानव) म्हणतो, तिन्ही किरण एंटरप्राइजमधूनच निघाल्यासारखे दिसतात. पण भविष्यातला किरण पाश्चरने सोडला होता. याची सारवासारव करता येईल, कारण भविष्यातला डेटा तेव्हा पाश्चरवरच होता आणि त्यानेच तो योजला. पहिल्या विसंगतीची सारवासारव होत नाही.

गिरगावचा वाचक

‘ब्लिंक’ला अन्योन्याश्रय म्हणण्याबद्दल थोडं. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हे फार बारकाईने पाहिलं आहे. वस्तू थेट स्वतःवरच टेकलेली असेल तर आत्माश्रय. दोन वस्तू एकमेकींवर, तर अन्योन्याश्रय. तीन किंवा जास्त वस्तूंची साखळी फिरून पहिलीवर आली, तर चक्रक. साखळी परत फिरतच नाही, मागे मागे जातच राहते, ती अनवस्था. आता डॉक्टरच्या बोलण्यावरून डीव्हीडी, डीव्हीडीवरून कागद, कागदावरून पुन्हा बोलणं. तीन झाले, म्हणजे चक्रक.

शिवाय हे दोष उत्पत्तीत, स्थितीत आणि ज्ञानात असे वेगवेगळे पाहिले जातात. डॉक्टर जन्मला कसा, याला ‘ब्लिंक’मध्ये धक्का नाही. त्याला काय बोलायचं हे कळलं कसं, तेवढंच फिरतं. म्हणून हे ज्ञानातलं चक्रक. एखाद्या कथेत माणूस स्वतःचाच पूर्वज निघाला, तर ते उत्पत्तीतलं. सगळं कोणाला सविस्तर पाहायचं असेल तर भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ उघडावा. भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढलेली आवृत्ती ग्रंथालयांत मिळते.

माहीमकर

चक्रक मान्य. आणि उत्पत्ती-ज्ञान हा भेद फारच उपयोगी आहे, कारण दोन्हींना इंग्रजीत एकच नाव चालतं आणि मग चर्चा भरकटते.

‘अनवस्था’ मात्र कालप्रवासाच्या टिपणात जपून वापरावा. मराठीत ‘अनवस्था प्रसंग ओढवला’ म्हणजे कठीण वेळ आली, एवढंच वाचकाला कळतं.

चुनाभट्टी

हे सगळं वाचून आनंद झाला, पण बारावीतल्या मुलाला टिपण द्यायचं तर ‘चक्रक’ आणि ‘व्याघात’ जड जातील. साध्या बोलीत काय म्हणावं? माझी मुख्य अडचण तर क्रियापदांची आहे. कालप्रवासी पात्राबद्दल वाक्य लिहायला घेतलं की ‘आला’, ‘येईल’, ‘येणार होता’ यांत मी अडकते. त्यात आपला ‘परवा’ दोन्ही बाजूंना चालतो.

माहीमकर

मुलांसाठी : व्याघाताला ‘केलेल्यानेच करणारा पुसला जाणं’, चक्रकाला ‘सुरुवात नसलेला फेरा’, विसंगतीला ‘मेळ न बसणं’. एकदा असं समजावून मग शब्द द्यावा. मुलं शब्दाला घाबरत नाहीत, अर्थ न सांगता फेकलेल्या शब्दाला घाबरतात.

क्रियापदांबद्दल मी एक नियम पाळतो. क्रियापद पात्राच्या आयुष्याप्रमाणे, तारीख कॅलेंडरप्रमाणे. “मकॉय १९३० मध्ये गेला” असं सरळ भूतकाळात लिहावं, आणि आपल्या भविष्यातल्या सालाबद्दलही “पिकार्ड २३९५ मध्ये द्राक्षाच्या मळ्यात होता” असंच. पात्राने भोगून झालं ते भूतकाळी. इतिहास बदलल्यामुळे जे घडलंच नाही, तिथे संकेतार्थ आहेच : “कीलर जगली असती तर युद्ध लांबलं असतं.” आणि कथेच्या मधोमध, अजून काही ठरलेलं नसताना, ‘मरणार होती’ हे रूप अतिशय नेमकं बसतं. त्यात ठरलेलंही आहे आणि न झालेलंही.

‘आधी’ आणि ‘नंतर’ यांना मात्र सोबत्याची गरज लागते. किर्क आणि स्पॉक मकॉयच्या नंतर निघाले, पण न्यूयॉर्कला त्याच्या आधी पोहोचले. “किर्क मकॉयच्या आधी आला” एवढंच लिहिलं तर वाचक गोंधळतो. ‘नंतर निघाला, आधी पोहोचला’ लिहिलं की मुंबईकराला लगेच कळतं. दादरहून मागून सुटलेली फास्ट स्लोच्या आधी ठाण्याला लागते, हे आपण रोज पाहतो. फरक इतकाच की फास्ट कधी स्लो सुटण्याच्याही आधी ठाण्याला लागत नाही. कालप्रवासात तेही होतं, आणि सगळी गंमत तिथे आहे.

‘परवा’ टाळा. ‘दोन दिवसांपूर्वी’ किंवा ‘दोन दिवसांनी’ लिहा.

पार्लेकर

टिपणात ‘विसंगती’ केलं. शेवटी मला एक मराठी उदाहरण जोडायचं आहे, जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चं. गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला येतात ते दुसऱ्याच इतिहासातल्या मुंबईत. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून पानिपत कसं जिंकलं ते वाचतात. हा व्याघात धरावा का?

माहीमकर

नाही, आणि तिला कालप्रवासाची कथाही म्हणू नका. गंगाधरपंत मागे गेले नाहीत, त्यांनी काही बदललंही नाही. विश्वासरावांची गोळी एका इतिहासात लागली, दुसऱ्यात चाटून गेली, आणि दोन्ही इतिहास शेजारी शेजारी आहेत. एकाने दुसऱ्याला पुसलं तरच व्याघात होतो. इथे शब्द ‘समांतर’. उलट या कथेमुळे एक गोष्ट छान दाखवता येईल : ‘सिटी’च्या लेखकाला दोन बातम्यांपैकी एक खोटी पाडावी लागली, नारळीकरांना दोन्ही पानं खरी ठेवता आली. म्हणून किर्कला कीलरचा बळी द्यावा लागतो आणि गंगाधरपंत आपल्या मुंबईत सुखरूप परततात.

चुनाभट्टी

‘टाइम लूप’ला ‘कालचक्र’ चालेल का? पुढच्या वेळी ‘नेक्स्ट जनरेशन’चाच ‘कॉज अँड इफेक्ट’ हा भाग पाहायचं ठरतंय.

माहीमकर

‘कालचक्र’ नको. त्या शब्दाला युगांचा, ऋतूंचा, उदयास्ताचा अर्थ चिकटलेला आहे, आणि वर सांगितलेल्या ‘चक्रका’शीही घोटाळा होईल. मार्च १९९२ च्या त्या भागात जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून फुटतं आणि तोच काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डेटा पुढच्या वेळेसाठी स्वतःला ‘तीन’ या आकड्याचा निरोप पाठवतो. तिथे कारणांची साखळी गोल नाही, घटना फक्त पुन्हा पुन्हा होतात, आणि त्या निरोपामुळे शेवटची वेळ वेगळी होते. ‘काळाचा फेरा’ म्हणा. “जहाज फेऱ्यात अडकलं”, “या फेऱ्यात डेटाला निरोप मिळाला”, “फेरा तुटला”, अशी तिन्ही वाक्यं मराठीत विनासायास होतात. मुलांना सुरुवातीला सांगितलेला ‘सुरुवात नसलेला फेरा’ यापासून वेगळा आहे, हे टिपणात एका ओळीत नोंदवा : तिथे सुरुवातच नाही, इथे सुरुवात आहे आणि ती परत परत येते.