मदत हवी आहे: कर्नाटकातल्या गदगचा सोन्याचा पट्टा सांगलीच्या काळ्या दगडाखाली येतो का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव विट्याजवळ, घरचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा. मुरवणीचं (चांदी-तांबं मिसळलेलं) सोनं तेजाबात टाकलं की तांबं-चांदी विरघळून जाते आणि सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाशी बसतं, हे लहानपणापासून बघतोय. त्यामुळे हे धातू जमिनीत कुठे नि कसे सापडतात, याची मला मनापासून ओढ आहे.

आता अडचण सांगतो. चुलत्यांच्या ४०० फुटी बोअरच्या चुऱ्यात पिवळे चमकणारे कण निघाले. एक जण "तपासणी करून देतो" म्हणून त्यांच्याकडे बरेच पैसे मागतोय. मी कण फरशीच्या खरबरीत मागच्या बाजूवर घासला, तर हिरवट काळी रेघ उठली. सोन्याची रेघ पिवळी येते, म्हणजे हे माक्षिक (धातू नि गंधकाचं, सोन्यासारखं चमकणारं खनिज) असावं. पण चुलते म्हणतात, गदगलाही सोनं अशाच माक्षिकाबरोबर मिळतं ना! ते खरंच आहे. तिथे अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या शिस्टमधल्या (पापुद्र्यांच्या थरांचा खडक) भेगांत गारगोटीच्या शिरा आहेत आणि त्यांत माक्षिकांसोबत सोनं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश कंपन्यांनी तिथे खाणी चालवल्या. त्याच पट्ट्यात दक्षिणेला, चित्रदुर्गजवळ इंगळधाळला तांब्याची खाण होती.

नकाशावर पट्टी ठेवून चित्रदुर्ग-गदग रेघ तशीच वायव्येला वाढवली, तर ती विट्याच्या आसपास येते! पण इथे वर आपला बेसॉल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, आहे. कोयनेच्या भूकंप अभ्यासासाठी पाटण तालुक्यात गोठण्याला खोल विंधन केलं, तिथे तो सुमारे सव्वा किलोमीटर जाड निघाला, खाली ग्रॅनाइट-नाइस हे जुने खडक. किल्लारीला मात्र ३३८ मीटरच.

जाणकारांना विचारायचं ते हे, की खानापूर-आटपाडी भागात बेसॉल्टची जाडी किती, हे दाखवणारं विंधन किंवा गुरुत्वमापन (खडकांच्या घनतेनुसार गुरुत्वाकर्षणात पडणारा फरक मोजणं) झालंय का? आणि बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय असताना विमानातून केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणात खालचा शिस्ट पट्टा ओळखू येतो का? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर नकाशे मिळतात, पण त्यातला कोणता थर उघडायचा ते उमगत नाही. कुणी नेमकं सांगितलं तर चुलत्यांना नकाशाच समोर ठेवून समजावता येईल. माझं मत असं, की १२० मीटरवरचा चुरा बेसॉल्टचाच आहे, गदगच्या खडकाशी त्याचा संबंध नाही. हे चूक असेल तर तेही स्पष्ट लिहा.

तो माणूस पुढच्या आठवड्यात परत येणार आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर फार उपकार होतील.