मदत हवी आहे : हसू आलं, भीती गेली

राम राम मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाजवळच्या गावातून लिहितो. आम्ही चौघं मोबाइलवर पंधरा मिनिटांची भुताची फिल्म करतोय. डोक्यात 'स्क्रीम' (१९९६) हा इंग्रजी भयपट घुसलाय. त्यातल्या पोरांना भयपटांचे नियम तोंडपाठ, अन् तरी बरीचशी मरतात. म्हणून आमचा एक जण धानाच्या बांधीवर (म्हणजे शेतात) टॉर्च विझवून म्हणतो, "पिक्चरमध्ये एकटा जाणाराच मरते, चला चौघंही लघवीले जाऊ."

समाजमंदिरात दाखवली तर सगळे खदखदून हसले. पुढं खरं भूत आलं तरी हसणं थांबेना. शेवटी एका आजीनं विचारलं, "भूत कवा येते रे बाबू?"

दिग्दर्शक हानेकेच्या 'फनी गेम्स' (१९९७) मध्ये खुनी चक्क रिमोट उचलून घडलेला प्रसंग मागं नेतो. तिथं हसू येत नाही, पोटात गोळा येतो. हे कसं साधतं? थट्टेनंतर किती वेळ गप्प राहायचं, की थट्टाच भुताच्या तोंडी द्यायची?

आणखी एक अडचण. आमच्याकडं दंडारीतलं (दंडार म्हणजे इकडचं लोकनाट्य) सोंग प्रेक्षकांशी बोलतंच, त्यामुळं पात्रानं कॅमेऱ्याकडं पाहिलं तर इथं कोणी दचकत नाही.

'ब्लेअर विच' (१९९९) या भयपटासारखं 'सापडलेलं चित्रण' म्हणून, म्हणजे पात्रांनीच शूट केलेलं नंतर कोणाला सापडलं असं, दाखवावं का? पण पळताना मोबाइल धरून कोण ठेवेल बाप्पा! कोणी असं काही केलं असेल तर सांगा. धान कापायच्या आत पुन्हा शूट करायचंय, नंतर बांधी मोकळी दिसते.